छपराखाली उडणारी विमाने व त्यांची निवड

विमान म्हटले की ते मोकळ्या आकाशातच उडावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु चार भिंतींच्या आत उडविण्यासाठी मुद्दाम तयार केलेली अगदी लहान विमाने असतात व ती हातातील बिनतारी यंत्राने चालविता येतात. अशी विमाने घरपोच मिळू लागल्यापासून आमच्या विद्यार्थ्यांस त्यांचे वेड लागले आहे. वेड चांगले आहे. परंतु तेंदूपानांच्या हंगामात साऱ्या कुटुंबाने उन्हात राबून मिळविलेल्या पैशांतून मुलाने विमान मागावे आणि ते पहिल्याच दिवशी भिंतीवर आपटून मोडावे, ही गोष्ट बापाच्या जिवाला लागण्यासारखी आहे. म्हणून निवडीचे शास्त्र थोडे विस्ताराने सांगतो.

प्रथम इतिहासातील एक गोष्ट. १८७१ साली आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर चालणारे लहानसे विमान पॅरिस येथील एका बागेत उडवून दाखविले. ते अकरा सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. पुढे १८७८ साली अमेरिकेतील बिशप मिल्टन राइट यांनी प्रवासाहून येताना आपल्या विल्बर व ऑर्व्हिल या मुलांसाठी पेनोच्याच धर्तीचे एक खेळणे आणले. ते बूच, बांबू व कागद यांचे असून रबराच्या पिळाने वर उडे. मुलांच्या समक्ष ते खोलीतच उडाले व छतास जाऊन लागले. हीच मुले १९०३ साली, १७ डिसेंबर रोजी, मनुष्यास घेऊन यंत्रबळाने उडाली. बांबूच्या वनांत राहणाऱ्या आपण हा तपशील विसरू नये!

या बंधूंनी त्या खेळण्याच्या प्रतिकृती केल्या. लहान प्रतिकृती उडत, परंतु आकार वाढविला की त्या उडेनात. याचे कारण त्यांस त्या वयात कळले नाही. आमच्या नववीच्या विद्यार्थ्यास ते कळावयास हरकत नाही. लांबी, रुंदी व जाडी ही तिन्ही दुप्पट केली, की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार दुप्पट झाला. छपराखाली उडविण्याच्या विमानाची सारी परीक्षा या भारात आहे.

ही परीक्षा घरी करता येते. विमान बॅटरीसह सोनाराच्या काट्यावर तोलावे आणि पंखांची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढावे. समजा, वजन २० ग्रॅम व पंख ४० सेंटिमीटर लांब आणि साडेबारा सेंटिमीटर रुंद आहेत. क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर झाले. तेव्हा दर शंभर चौरस सेंटिमीटरवर भार ४ ग्रॅम. असे विमान हवेत टिकण्यास सेकंदाला सुमारे ३ मीटर, म्हणजे रमतगमत चालविलेल्या सायकलीइतका, वेग पुरतो. ते तीस अंश कलून वळले तर सुमारे ४ मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरते. आता त्याच आकाराचे दुसरे विमान ८० ग्रॅम वजनाचे घ्या. भार चौपट झाला, म्हणून लागणारा वेग दुप्पट, आणि वळणाचे वर्तुळही चौपट, म्हणजे सुमारे १५ मीटर व्यासाचे. साठ फूट लांब व चाळीस फूट रुंद अशा शाळेच्या सभागृहाची रुंदी जेमतेम १२ मीटर भरते. मग दुसरे विमान तेथे वळणार कसे? चालविणाऱ्याचा हात कितीही सराईत असो, भिंत आडवी येणारच. दुकानदार मात्र त्या दुसऱ्याचाच वेग वाखाणील. वेगाची जाहिरात वाचली की आपण सावध व्हावे.

भार ४ ते ५ ग्रॅमच्या आत असेल तर इतर गोष्टींकडे पाहावे. पंख दोन्ही टोकांशी किंचित वर उचललेले असावेत. असे विमान कलले तरी आपोआप सावरते. पंखा पुढे असण्यापेक्षा मागे असलेला बरा, कारण टक्कर नाकावर निभावते. अंग लवचिक फोमचे असावे. थर्माकोलचे स्वस्त असते, पण तडकते. अगदी स्वस्त खेळण्यांत शेपटी हलतच नाही. दोन पंख्यांपैकी एक हळू व दुसरा जलद फिरवून विमान वळवितात, आणि वरखाली करणे केवळ यंत्राच्या जोरावर अवलंबून असते. त्यावर शिकता येते थोडेच. सुकाणू, शेपटीची आडवी झडप व यंत्राचा वेग या तिन्हींवर ताबा देणारे विमान नवशिक्यास उत्तम. पंखांच्या टोकाशी झडपा असलेले चौथ्या ताब्याचे विमान नंतर घ्यावे.

ड्रोनच घ्यावा असे पुष्कळ मुले म्हणतात. जागा एका खोलीएवढीच असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण ड्रोन जागच्या जागी तरंगतो व विमानास पुढे जात राहावेच लागते. परंतु पंखाखालून हवा वाहिली म्हणजे काय होते, वेग कमी पडल्यास विमान का गडगडते, हे ड्रोन शिकवीत नाही. त्यातील तोल यंत्रच सांभाळते. माझा कौल विमानाकडे आहे.

बॅटरीविषयी पालकांनी स्वतः लक्ष घालावे. या लिथियमच्या बॅटऱ्या चार-पाच ग्रॅमच्याच असतात, पण फुगल्या किंवा ठेचल्या तर पेट घेऊ शकतात. मुलास एकट्याने रात्री उशाशी ठेवून त्या भरू देऊ नयेत. उड्डाण संपताच गरम बॅटरी भरावयास लावू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली तर मुळीच ठेवू नये. त्या उष्णतेत हवाही विरळ होते. डिसेंबरच्या सकाळपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी. म्हणून हिवाळ्यात सहज तरंगणारे विमान उन्हाळ्यात थोडे जड वाटते. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. शिक्का असणे २०२१ पासून आवश्यक आहे. तो पाहूनच घ्यावे. सुटे पंखे व बॅटऱ्या निराळ्या मिळत नसतील, तर ते विमान कितीही सुंदर असले तरी परत करावे.

ज्यांस हा खर्च झेपत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. बुरडाकडून घेतलेल्या बांबूच्या बारीक कामट्या, पतंगाचा कागद व रबर यांचे विमान आठ-दहा ग्रॅमच्या आत करता येते. त्यास बिनतारी यंत्र नसते. म्हणून शेपटी थोडी मुरडून ते वर्तुळात फिरेल असे आधीच ठरवावे लागते. हे काम बोट सरावल्यावाचून जमत नाही, आणि ज्याने ते केले त्यास विकतच्या विमानाचे दोष एका दृष्टिक्षेपात ओळखता येतात.

हे विमान बाहेर का नेऊ नये, असे कोणी विचारील. वाऱ्याची एक झुळूकही त्याच्या स्वतःच्या वेगाहून जोराची असू शकते, आणि आपल्या सागवनात गेलेले पाखराएवढे विमान सापडेल ही आशाच सोडावी. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे यान चालविणाऱ्यास परवान्याची सूट असली, तरी प्रतिबंधित क्षेत्र सर्वांस सारखेच आहे. ताडोबाच्या हद्दीत वनखात्याच्या आज्ञेवाचून काहीही उडवू नये, व गडचिरोलीकडील गावांत उघड्यावर उडविण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

सभागृहात उडविताना छताचे सारे पंखे बंद करावेत, दारे-खिडक्या लावाव्यात व बाके भिंतीशी सरकवावीत. पहिल्या दिवशी यंत्र बंद ठेवून विमान हातातून अलगद सोडावे. ते सरळ घसरत जमिनीवर टेकले तर ठीक. नाक आपटले तर बॅटरी थोडी मागे सरकवावी, नाक वर करून थबकले तर पुढे. हे जुळल्यावरच बिनतारी यंत्रास हात लावावा, व आरंभी सर्व वळणे एकाच बाजूस घ्यावीत.