आधी पाइप बघा

सोलरचं पाणी गार येतं म्हणून टाकीला नावं ठेवणारे बेंगळुरूत पुष्कळ भेटतात. कर्नाटक सरकारने 2007 मध्ये ठरावीक आकारावरच्या नव्या घरांना सोलर हीटर सक्तीचा केला. जुन्या चामराजपेटेतही गच्च्यांवर टाक्या आल्या, आमच्याही आली. खाली उतरणाऱ्या पाइपाचा विचार मात्र कुणी करत नाही.

बसवणाऱ्याने आम्हाला कागदावर हिशेब दिला होता: पाऊण इंची जीआय पाइप, लांबी 15 मीटर, पाणी 50 अंश, हवा 20 अंश, मीटरमागे 25 वॉट उष्णता जाणार. आकडा खोटा नव्हता, पण तो बंद खोलीतल्या स्थिर हवेचा होता. आमचा पाइप पश्चिमेच्या भिंतीवर, आणि जून ते ऑगस्ट इथे पश्चिमेचा वारा हटत नाही. नेमकं तेव्हाच ढगांमुळे पाणीही कमी तापतं!

हिल्पर्ट या संशोधकाने 1933 मध्ये दंडगोलावरून वाहणाऱ्या हवेचं सूत्र मांडलं. त्यात सेकंदाला 3 मीटर, म्हणजे ताशी जेमतेम 11 किलोमीटर वारा घातला, की तोच पाइप मीटरमागे 80 ते 85 वॉट गमावतो. वेग दुप्पट झाला तर हवेमुळे होणारा ऱ्हास दीडपट होतो, दुप्पट नाही. (इथल्या 920 मीटर उंचीवर हवा थोडी विरळ, त्याचा फायदा पाच-सहा टक्क्यांचा, तो सोडून द्या.)

फसगत होते ती मोजताना. नळ सोडून थर्मामीटर धरला, तर वाहत्या पाण्यात घट फार तर 3 अंशांची दिसते आणि सगळं ठीक वाटतं. खरा तोटा नळ बंद असताना होतो. पाइपात साडेपाच लिटर पाणी अडकून राहतं. स्थिर हवेत पाव तासाने ते 42 अंशांच्या आसपास असतं, वाऱ्यात 30 वर येतं. पहिला माणूस आंघोळ करून गेला, की दुसरा ते गार पाणी मोरीत सोडतो किंवा गिझर लावतो. वीज कंपनी बेस्कॉमची सोलर सवलत अशीच वाहून जाते.

उपाय महागडा नाही. 13 मिलिमीटर जाडीचं नायट्राइल रबराचं वेष्टण चढवलं, की त्याच वाऱ्यात ऱ्हास 10 वॉटांवर येतो, कारण अडवणूक वेष्टण करतं, मग बाहेर वारा असो वा नसो. पाव तासानंतरही पाणी 46 अंशांच्या आसपास मिळतं. मात्र हे रबर उन्हाने तडकतं, म्हणून वरून ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच. पत्र्याचा सांधा खालच्या बाजूला ठेवायला सांगा. प्लंबर हटकून वर ठेवतात. एल्बो आणि व्हॉल्व्ह उघडे सोडू देऊ नका. गच्चीवरचा पाइप कठड्याच्या आतून, आडोशाने न्या.

आणि पैसे देण्याआधी हिशेबाच्या कागदावर एक ओळ लिहून मागा: वाऱ्याचा वेग किती धरला आहे?