विमानाने नागपूर, पुढे हेमलकसा किती लांब?

प्रश्न : पुण्याहून आई-वडिलांना घेऊन हेमलकशाला जायचे आहे. विमानाने गेल्यास एका दिवसात पोहोचू का?

उत्तर : पोहोचाल, पण सकाळचेच विमान घ्या. पुणे-नागपूर उड्डाण साधारण दीड तासाचे. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिथे नियमित प्रवासी विमान उतरत नाही. त्यामुळे खरा प्रवास नागपुरातच सुरू होतो.

नागपूर ते हेमलकशाजवळचे भामरागड हे हवाई अंतर सुमारे २५० किलोमीटर, रस्त्याने मात्र साडेतीनशेच्या आसपास. चंद्रपूरपर्यंतचे दीडशे किलोमीटर तीन तासांत होतात. पुढे गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीनंतरचे साठ-पासष्ट किलोमीटर घनदाट जंगलातून आहेत. नकाशावरचे मिनिटांचे गणित इथे धरू नका. गुरे आडवी येतात, वळणे आंधळी आहेत. एकूण आठ तास हाताशी ठेवा. आलापल्लीतच डिझेल भरा, आई-वडिलांचे जेवणही तिथेच उरका.

अंधारात हा जंगलाचा टप्पा करूच नका; उशीर झाला तर चंद्रपूरला मुक्काम करा. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्यांना पूर येऊन हा रस्ता बंद पडतो, पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम. निघण्यापूर्वी हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहण्याची सोय पक्की करून घ्या.