साखरेचा डबा, कचऱ्याची बादली आणि बिबट्या

पालकहो,

'बिबट्या गावात का येतो?' हा प्रश्न अलीकडे आपल्या सावेडीतल्या बऱ्याच घरांत मुलांनी विचारलेला असणार. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवतो, अंधारात कंपाउंडवरून उडी घेणारं जनावर दिसतं, आणि मग मूल झोपण्याआधी दाराला कडी लावली का, ते पुन्हा पुन्हा विचारतं. आपण त्याला सांगतो, "अरे, माणसानं जंगल तोडलं. मग तो बिचारा जाणार कुठे?" मुलाला ते पटतं. मुलांच्या निबंधांतून हेच उत्तर मी वर्षानुवर्षं तपासत आले आहे आणि त्याला गुणही देत आले आहे.

पण आपल्या नगरपुरतं बोलायचं, तर हे उत्तर अपुरं आहे. शिवाय त्यात आपली एक मोठी सोय झालेली आहे. जंगल तोडणारा तो माणूस नेहमी दुसराच कुणीतरी असतो. खरं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातून जातं, म्हणून ते मुलांना सांगायला जरा जड जातं. आज मला त्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

अकोले तालुक्यातला सह्याद्रीचा भाग सोडला, तर आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. इथे घनदाट जंगल नव्हतंच. इथे होते माळ. गुडघाभर गवत, मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर आणि बाकी मुरूम. सातबाऱ्याच्या भाषेत पडीक. पण या पडीक जमिनीवर माळढोक राहत होता, काळवीट, लांडगा, खोकड, तरस राहत होते. माळढोक म्हणजे उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, आणि मादी वर्षाकाठी साधारण एकच अंडं घालणार, तेही उघड्या जमिनीवर. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून अभयारण्य जाहीर झालं. आपले कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा या तालुक्यांतला भाग त्यात होता. क्षेत्र होतं जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज देशभरात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. आपल्या मुलांना तो पाठ्यपुस्तकातच भेटतो. काळवीट मात्र अजून आहे. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० साली त्याच्यासाठीच राखलं गेलं. ते किती मोठं आहे? २१७ हेक्टर. एखाद्या मोठ्या गावाची शिवारंही याहून ऐसपैस असतात.

मग हा माळ गेला कुठे? त्यावर कुणी कुऱ्हाड चालवली नाही. त्यावर पाणी आलं. प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, पुढे मुळा धरण आलं, कालवे आले, विहिरी खोल गेल्या, बोअर त्याहून खोल गेले. आणि जिथे पाणी पोहोचलं तिथे ऊस आला. मी उसाला दोष द्यायला बसलेली नाही, हे आधीच सांगते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा सावकाराच्या पाशात अडकलेला शेतकरी पहिल्यांदा ताठ उभा राहिला. आपल्यातल्या कित्येकांची शिक्षणं उसाच्या बिलावर झाली आहेत. इतर पिकांचा भाव कधी कोसळेल याचा नेम नाही, उसाला मात्र कायद्यानं ठरलेला दर आहे. शेतकरी ऊस लावतो त्यामागे हे साधं कारण आहे. पण हा ऊस शेवटी कोण संपवतो? आपण.

महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी सुमारे ४ टक्के जमिनीवर ऊस असतो आणि सिंचनाचं जवळजवळ दोन तृतीयांश पाणी तो पितो. आपल्या राज्यात एक किलो साखरेमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी खर्ची पडतं, असं कृषी मूल्य आयोगानंच मांडलेलं आहे. आपल्या देशात माणशी वर्षाला साधारण वीस किलो साखर लागते. चौघांच्या घराचा हिशेब मुलांकडून करून घ्या: ऐंशी किलो साखर, एक लाख साठ हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात आपल्या भागात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर वर्षाला सोळा टँकर नुसते साखरेच्या डब्यात! आणि ही सगळी साखर चहात जात नाही. बिस्किटं, केक, थंड पेयं, सॉस, चॉकलेट असं बरंच काही आपल्या पिशवीतून घरी येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढ माणसासाठीही दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखरेच्या आत राहणं चांगलं, असं २०१५ साली सांगितलं. पाव लिटर कोला पेयात जवळपास तेवढी साखर असते. वाढदिवसाला आपण आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या हातात ते देतो आणि वर केकही देतो. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जातं. त्यातलाही काही वाटा उसाचा असतो. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दुचाकी काढली तरी उसाशी आपला संबंध येतोच.

उसाचं पीक बारा ते अठरा महिने शेतात उभं असतं. आत गारवा, अंधार, जवळ पाण्याचा पाट आणि महिनोन्‌महिने माणसाची चाहूल नाही. बिबट्याच्या मादीला पिलं घालायला याहून सुरक्षित जागा कुठली? कोयता चालू झाला की उसाच्या फडात बिबट्याची पिलं सापडतात, हे आता नगर, पुणे, नाशिक जिल्ह्यांत दर हंगामाला घडतं. वनखात्याची माणसं ती पिलं त्याच जागी टोपलीत ठेवतात आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. ही पिलं उसात जन्मली, उसात वाढली. त्यांच्या आईनंही कदाचित जंगल पाहिलेलं नसेल. माळावरचं जे होतं ते गेलं आणि उसात जे राहू शकतं ते आलं. दोन्हींचं कारण एकच आहे, आणि म्हणून मला ते 'बिचारा जाणार कुठे' पुरेसं वाटत नाही.

डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात शेतांमध्ये स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा शेती-वस्तीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले आणि तितकेच तरस. पुढे त्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो खातो काय हे शोधलं. त्याच्या अन्नापैकी ८७ टक्के वजन पाळीव आणि माणसाच्या आधारानं जगणाऱ्या प्राण्यांचं होतं. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या संख्येनं कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच भरला, कारण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रं मोकळं फिरतं.

आता पुढचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील. एवढी कुत्री जगतात कशावर? इथे आपल्या घरातली दुसरी वस्तू येते, कचऱ्याची बादली. लग्नाच्या हॉलमागे टाकलेलं अन्न, चिकनच्या दुकानांमागची पिसं आणि आतडी, घंटागाडी चुकली म्हणून गाठ मारून रस्त्याच्या कोपऱ्यावर ठेवलेली पिशवी. प्रोफेसर कॉलनी असो, पाईपलाईन रोड असो की भिस्तबागचा परिसर, असा एखादा कोपरा तुमच्या माझ्या डोळ्यांसमोर लगेच येतो. त्या ढिगावर आधी कुत्री येतात, डुकरं येतात, गाय येऊन पिशवीसकट अन्न गिळते. शहर जिथे संपतं आणि उसाची, गिन्नी गवताची शेतं सुरू होतात, तिथे याच कुत्र्यांच्या मागावर रात्री बिबट्या फिरतो. नगर तालुक्यातल्या वस्त्यांवर तो दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही.

इथे एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. बिबट्यानं लेकरं नेली आहेत, आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या जुन्नर-शिरूर भागात. ज्या आईचं मूल गेलं तिच्यापुढे निसर्गप्रेमाचं व्याख्यान द्यायचा अधिकार कुणालाही नाही. पण ही लेकरं कुणाची असतात ते पाहा. शेतातल्या एकट्या वस्तीवरची, पाथर्डीहून किंवा बीडहून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांमधली. त्या कोपीला दार नसतं, संडास नसतो, आई-बाप पहाटे अंधारात फडात गेलेले असतात. साखर आपण खातो, उरलेलं अन्न आपण फेकतो आणि धोका त्यांच्या मुलांच्या वाट्याला येतो. आपल्या मुलांना बिबट्याच्या भीतीपेक्षा हा अन्याय आधी कळला पाहिजे, असं मला वाटतं.

'पकडा आणि लांब जंगलात सोडा', ही मागणी आपणही व्हॉट्सॲपवर पुढे पाठवत असतो. जुन्नरमध्ये २००१ नंतर तसं मोठ्या प्रमाणावर करून झालं. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. बिबटे हलवायला सुरुवात झाल्यावर ते सरासरी सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर अधिक धोक्याचं ठरलं. माणसं मारणारा बिबट्या हटवावाच लागतो, त्यात दुमत नाही. पण ऊस आणि उकिरडा जागेवर असताना एक गेला तर दुसरा येतो. अकोल्याच्या डोंगरातले लोक वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात. हे जनावर शेजारीच राहणार, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धरूनच ठेवलेलं आहे. त्यांनी गोठे बंद ठेवायला शिकून घेतलं, आपल्याला कचऱ्याची बादली बंद ठेवायला शिकायचं आहे.

मुलांना अपराधी वाटेल असं काही बोलू नका, एवढी विनंती. नऊ वर्षांच्या मुलाला 'तू बिस्किट खाल्लंस म्हणून माळढोक मेला' असं सांगणं खोटंही आहे आणि दुष्टपणाचंही. त्याला जोडणी दाखवा. ताटात टाकलेलं अन्न कुठे जातं, इतकंच एक आठवडा त्याच्याबरोबर बघा. वाढदिवसाला थंड पेयाऐवजी ताक किंवा कोकम ठेवलं तर मुलं रुसत नाहीत. रुसतात ती मोठी माणसं, 'लोक काय म्हणतील' म्हणून. ओला कचरा घरच्या कुंडीत किंवा सोसायटीच्या खड्ड्यात जिरला, तर कोपऱ्यावरच्या ढिगाला खाण्यासारखं काही उरतच नाही. भटक्या कुत्र्यांना दगड मारायला मात्र शिकवू नका. त्यांची संख्या निर्बीजीकरणानं आणि बंद कचऱ्यानं कमी होते, काठीनं नाही.

आणि सुट्टीत मुलांना मॉलऐवजी हिवरे बाजारला न्या. आपल्याच नगर तालुक्यातलं गाव आहे. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले, त्यानंतर गावानं ठरवलं की ऊस आणि केळी लावायची नाही, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचं अंदाजपत्रक करायचं. गाव गरीब झालं नाही. दुष्काळात कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. तिथल्या डोंगरावरचं गवत मुलांना हातात धरून पाहू द्या. जमलं तर दुसऱ्या एखाद्या रविवारी पहाटे निघून रेहेकुरीला जा. काळा नर आणि त्याच्यामागे उड्या मारत जाणाऱ्या माद्या पाहिल्या, की 'पडीक' जमीन म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

बाकी धोरणं सरकारनं बदलायची आहेत. ज्वारी-बाजरीला आणि डाळींना उसासारखा खात्रीचा भाव मिळेल तेव्हा शेतकरी स्वतःहून वळेल, आणि तो मिळावा म्हणून आपणही बोललं पाहिजे. पण कोपऱ्यावरच्या त्या ढिगासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या सोसायटीच्या, कॉलनीच्या येत्या बैठकीत पार्किंगच्या आधी हा विषय घ्या: ओला कचरा आवारातच जिरवायचा, रस्त्यावर पिशवी ठेवायची नाही, आणि चिकन दुकानदारांशी, मंगल कार्यालयांशी एकदा जाऊन बोलायचं. त्या बैठकीला मुलांनाही बरोबर न्या.

— तुमच्या मुलांच्या विज्ञानाच्या बाई