‘पाणी वाचवा’ म्हणण्याआधी पाणी मोजूया



‘पाणी कुठून येतं?’ हा प्रश्न मी हिंजवडीतल्या माझ्या वर्गात विचारला. गावठाणातली मुलं म्हणाली, “नळातून, पण पाणी सुटलं तर!” सोसायटीतली म्हणाली, “टँकरमधून.” पाऊस, नदी, धरण कुणालाच आठवलं नाही.

आपल्या मुळशी तालुक्यात मोठं धरण आहे. पण त्याचं पाणी मुख्यतः वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला जातं. याच धरणासाठी जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण उशाला असलं म्हणजे पाणी दाराशी येतंच असं नाही, हे मुलांना इथूनच समजावता येतं.

मग आम्ही दोन उपक्रम केले.

उपक्रम १ : शाळेतल्या गळक्या नळाखाली लिटरची बाटली धरली. ती १० मिनिटांत भरली. म्हणजे तासाला ६ लिटर, दिवसाला १४४ लिटर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी धरलं आहे. एक मुलगी पटकन म्हणाली, “मॅडम, म्हणजे दोन माणसांपेक्षा जास्त पाणी वाया गेलं!” दुसऱ्याच दिवशी नळाचा वायसर बदलला.

उपक्रम २ : १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. मग १०० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पावसाचं किती? १०,००० लिटर! एक मोठा टँकर. थोडं पाणी वाया जाणारच, तरी उरलेलं टाकीत साठवता येतं किंवा बोअरवेलजवळ जिरवता येतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. घरी किती पाणी वापरतो याची नोंद मुलांना आणायला सांगितली, तेव्हा एकाच्या वहीत होतं, ‘६ हंडे, ५ माणसं.’ त्या मुलाला ‘पाणी वाचवा’ काय शिकवणार? तो रोज वाचवतोच आहे. उलट भांडी विसळलेलं पाणी झाडांना कसं घालायचं, हे त्यानेच वर्गाला सांगितलं. म्हणून नोंदी वाचताना तुलना करून कुणाला लाजवू नका. आपल्यात कुणाला किती पाणी मिळतं, हा प्रश्न मुलांनाच पडू द्या.

पालकहो, या रविवारी घरातला एक नळ मुलांबरोबर मोजून पाहा. काय आकडा आला, नक्की कळवा.