रंगकामानंतर स्कूटरचा दिवा मंद का जळतो?

आकुर्डीत बनलेली जुनी बजाज चेतक दुरुस्ती-रंगकाम होऊन आली आणि पहाटे चाकणहून पिंपरीला दूध घालायला निघताना दिवा मंद जळू लागला, तर लगेच नवी कॉइल घेऊ नका. गाडीचा पत्रा हीच विजेची परतीची वायर असते. अर्थच्या टर्मिनलखाली रंग शिरला की प्रवाह अडतो. तेथील रंग काचपेपरने घासून पत्रा उघडा करावा व बोल्ट घट्ट आवळावा. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. नाहीतर बल्बवरील आकडा वाचावा. ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचा बल्ब मंदच जळणार.

ठिणगीच नसेल, तर सीडीआय असलेल्या गाडीत इंजिन बंद करण्याच्या स्विचची वायर सोडवून किक मारावी. गाडी सुरू झाली, तर दोष स्विचकडील वायरिंगमध्ये आहे. मात्र आता ती स्विचने बंद होणार नाही. गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडावा.