घोडी घास का टाकते?

प्रश्न : आमची भीमथडी घोडी बारा-तेरा वर्षांची असेल. भूक आहे, पण कडबा चावता चावता ओले गोळे खाली टाकते. अंगानंही उतरली आहे. घोड्याची दाढ किडते का?
– एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : किडतेही, पण लक्षणं पाहता मला आधी संशय येतो तो दाढांना आलेल्या धारेचा.

घोड्याच्या दाढेचा बराच भाग हाडात दडलेला असतो. तो वर्षाला २-३ मिलिमीटर वर सरकतो आणि चावताना साधारण तेवढाच झिजतो. मात्र घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड नीट घासली जात नाही, तिथे धार चढते. दिवसभर चरणाऱ्या जनावराचा जबडा आडवा भरपूर फिरतो. बांधून ठेवून तोबऱ्यात दाणे दिले की कमी फिरतो. मग ही धार गाल आणि जीभ कापते. घास मागे ढकलताना दुखतं, म्हणून तो बाहेर पडतो.

सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक ओठ वर करून पुढचे दात बघतं, वय ठरवतं. खरं दुखणं असतं मागच्या चोवीस दाढांत, आणि तिथवर कुणी बघत नाही. धनगरांची बिऱ्हाडं वाहणारी ही भीमथडी घोड्यांची जात काटक, दुखलं तरी चटकन दाखवत नाही. अंग उतरलं म्हणजे दुखणं जुनं आहे.

लीद फोडून पाहा. अख्खे दाणे आणि लांब काड्या दिसल्या तर चावणं बिघडलंय. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर वरच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो. मग एक दिवसही थांबू नका.

तोंडात हात घालू नका, बोटं जातील. पशुवैद्य गुंगीचं इंजेक्शन देऊन, जबडा उघडा धरणारं साधन लावून लांब दांड्याच्या कानशीनं धार घासतात. नुसती धार घासताना घोडीला दुखत नाही. काही ठिकाणी घास टाकणाऱ्या घोड्याच्या टाळूला डाग देतात. तो छळ आहे, उपयोग शून्य. दाढा घासून होईपर्यंत कडबा आणि उसाचं वाढं बंद ठेवा, कोवळं गवत आणि भिजवलेला कोंडा द्या. न चावलेल्या वैरणीनं पोटशूळ उठू शकतो.

या आठवड्यातच दाढा तपासून घ्या, आणि पुढे दरवर्षी एकदा.