हॉट टबची सुट्टी : आरक्षणाआधी थोडे गणित

मागच्या शरद ऋतूत आम्ही तीन कुटुंबांनी मिळून डर्बीशरमध्ये एक कॉटेज तीन रात्रींसाठी घेतले. आजूबाजूला डोंगर, मेंढ्या, दगडी कुंपणे, आणि अंगणात सहा माणसांचा हॉट टब. टबचा आग्रह मुलांचा होताच, पण खरे निमित्त होते भारतातून आलेल्या माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांचे. "आमच्या वज्रेश्वरीच्या कुंडासारखेच का हो हे?" असे नानांनी दोनदा विचारले. मी उत्साहाने "हो" म्हणालो. ते उत्तर चुकीचे होते, आणि का चुकीचे होते ते सांगण्यासाठीच हा लेख.

शुक्रवारी दुपारी चार वाजता पोचलो. टबचे झाकण उचलले तर वाफा येत होत्या आणि पाणी ३८ अंश. सगळे खूश. मीही खूश होतो, पण आकडे दिसले की गुणाकार करायची आमच्या धंद्यातली खोड. आधीचे पाहुणे सकाळी दहाला गेले होते. म्हणजे मधे सहा तास.

आता हिशेब पाहा. अशा टबमध्ये साधारण १,२०० लिटर पाणी मावते. नळाचे पाणी १० अंशांचे धरले तर ते ३८ पर्यंत न्यायला २८ अंश चढवावे लागतात. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॉट-तास लागतात. गुणाकार केला की ३९ युनिट वीज. घरगुती टबचा हीटर बहुधा २ ते ३ किलोवॅटचा असतो. तेरा अँपियरच्या साध्या प्लगमधून यापेक्षा जास्त मिळतच नाही. ३९ भागिले ३ म्हणजे तेरा तास. टब रिकामा करणे, घासणे, पुन्हा भरणे यांचा वेळ वेगळाच, आणि थंडीत वाया जाणारी उष्णताही वेगळी. मग सहा तासांत हे पाणी तापले कसे?

लाकडावर तापणाऱ्या टबचे गणित निराळे असते, कारण त्याची शेगडी कितीतरी जास्त ताकदीची असते. काही मालक घराच्या बॉयलरचे गरम पाणीच टबमध्ये सोडतात. म्हणून लगेच आरोप न करता मी मालकीणबाईंना फोन करून साधा प्रश्न विचारला, "पाणी आज बदलले का?" त्या प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, "पाणी स्वच्छ दिसत होते, म्हणून या खेपेला फक्त औषध टाकले." थोडे बोलणे झाल्यावर त्या स्वतः आल्या, टब उपसला, घासला, भरला. शनिवारी दुपारपर्यंत आम्ही त्या थंडगार टबकडे बघत चहा प्यायलो. मुलांनी माझ्याशी बोलणे टाकले ते वेगळे.

इतका आटापिटा कशासाठी? कुंडात आणि टबमध्ये मूळ फरक आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा राजापूरजवळ उन्हाळे गावी जमिनीतून गरम पाणी सतत येत असते आणि जुने वाहून जात असते. (त्यामुळे ते निर्जंतुक ठरते असे नव्हे.) टबमध्ये मात्र तेच पाणी गाळणीतून फिरत राहते. दहा माणसांचा घाम, मळ, साबण आणि तेल त्यातच. वर त्याचे तापमान जंतूंना मानवणारे.

यातला सर्वांत घातक जंतू म्हणजे लेजिओनेला. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ पसरली आणि त्या संघटनेवरून आजाराला 'लीजनेअर्स डिसीझ' हे नाव पडले. २० ते ४५ अंशांच्या पाण्यात हा जंतू वाढतो. आपला टब बरोबर त्या पट्ट्यात येतो. तो सहसा पिण्यातून बाधत नाही, श्वासातून बाधतो. टबमधले बुडबुडे फुटले की सूक्ष्म तुषार उडतात आणि ते छातीत जातात. म्हणून टबमध्ये न उतरणारा माणूसही धोक्यात येऊ शकतो. २०१२ साली स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या एका दुकानात विक्रीसाठी मांडलेल्या चालू टबमुळे साथ पसरली आणि दोन माणसे दगावली. ती माणसे टबमध्ये बसलेली नव्हती, दुकानात खरेदीला आली होती. पन्नाशीपुढचे, धूम्रपान करणारे, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना धोका अधिक. नाना यातल्या दोन गटांत बसतात.

तर आरक्षण करण्यापूर्वी मालकाला लेखी विचारा : प्रत्येक पाहुण्यांनंतर टब रिकामा करून, निर्जंतुक करून पुन्हा भरता का? गाळणी साफ करता का? आमच्या मुक्कामात पाणी कोण तपासणार आणि त्याची नोंद दिसेल का? भाड्याच्या घरांतल्या टबविषयी 'हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह'ची मार्गदर्शक पुस्तिका २०१७ पासून आहे, त्यामुळे हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत. चांगला मालक आनंदाने उत्तर देतो. "आजवर कुणी तक्रार केली नाही" हे उत्तर नव्हे. आणि तुम्ही पोचल्यावर टब अजून कोमट असेल, तर रागावू नका. ते बहुधा चांगले लक्षण असते.

पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या पाच-सात पौंडांत मिळतात. पट्टी बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. मुक्त क्लोरीन लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम आणि पीएच ७ ते ७.६ हवे. ब्रोमीन वापरत असतील तर ४ ते ६. सकाळ-संध्याकाळ बघावे. औषधाचा उग्र वास येतो म्हणजे औषध भरपूर आहे, हा समज उलटा आहे. तो वास बहुतेकदा घामाशी संयोग होऊन खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो. पाणी गढूळ असेल, कडेला हाताला बुळबुळीत लागत असेल, तर उतरू नये.

एक गोष्ट खास आपल्या घरांची. खोबरेल तेल लावून टबमध्ये बसायचे नाही! नानांना गुडघ्याला तेल चोळून मग शेकायचे होते. तेल आणि अंगावरचे क्रीम क्लोरीन खाऊन टाकतात आणि गाळणी चोंदवतात. आधी शॉवर, मग टब, आणि तेल शेवटी रात्री झोपताना.

आता प्रकृतीचे. पाणी ४० अंशांवर कधीच नको, ३७-३८ पुष्कळ झाले. पंधरा मिनिटांनी बाहेर यावे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. त्यात रक्तदाबाची गोळी असेल तर एकदम उठून उभे राहताना भोवळ येते, आणि समोर ओल्या पायऱ्या असतात. म्हणून आधी कडेवर दोन मिनिटे बसावे, कुणीतरी हात धरावा. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असेल तर पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही, तेव्हा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की उष्णतेने ते रक्तात लवकर भिनते आणि साखर एकदम खाली येऊ शकते. पायाला जखम असेल तर टब वर्ज्य. गरोदर स्त्रियांनी मिडवाइफला विचारल्याशिवाय बसू नये. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये, आणि मोठ्या मुलांनीही डोके बुडवू नये. हातात वाइनचा पेला धरून टबमध्ये बसलेल्या जोडप्याचे चित्र जाहिरातीपुरते ठीक आहे.

परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, अंगदुखी झाली तर जीपीला "आम्ही हॉट टबमध्ये बसलो होतो" हे आपणहून सांगावे. नाहीतर साधा फ्लू समजून दिवस वाया जातात.

पैशांचे थोडक्यात. सोमवार ते शुक्रवार या चार रात्री बहुतेक ठिकाणी शुक्रवार ते सोमवारच्या तीन रात्रींपेक्षा स्वस्त पडतात. शाळा बुडवून स्वस्त मिळवायचा विचार असेल तर इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून पाच दिवसांच्या विनापरवाना गैरहजेरीला प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड आहे, आणि तो २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दोन मुले, दोन पालक, म्हणजे ३२० पौंड. बचत तिथेच संपली. ठरावीक तारखांच्या मुक्कामाला १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क लागू नाही, त्यामुळे रद्द करण्याच्या अटी आधी वाचाव्यात. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने भरावेत. शंभर पौंडांवरच्या व्यवहाराला १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ चे संरक्षण मिळते; मधे एजंट असेल तर ते मिळेलच असे नाही. "बँकेत थेट पाठवा, सूट देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. आणि आई-वडील व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांचा विमा पाहून ठेवावा, जुने आजार त्यात लिहिलेले असावेत. इंग्लंडमध्ये अशा पाहुण्यांना रुग्णालयातल्या उपचारांसाठी एनएचएसच्या दराच्या दीडपट आकार लागतो.

पाणी बदलायला मालकीणबाईंना ३९ युनिट पडले. युनिटला २५ पेन्स धरले तर दहा पौंडांच्या आत. ते दहा पौंड मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

शनिवारी चार वाजता नाना पाण्यात उतरले. बारा मिनिटे बसले आणि म्हणाले, "वज्रेश्वरीला गंधकाचा वास येतो, इथे नुसताच औषधाचा." रविवारी दोनदा बसले.

पट्ट्यांची डबी अजून अर्धी शिल्लक आहे. येत्या सुट्टीत जाणार असाल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत मागून घ्या, मात्र डबीवरची मुदत बघून.